ओट्यामागची भिंत

लुंबिनीने मलमलीचं एक टोक दोन बोटांत धरलं आणि श्वास रोखून हळूच खाली ओढलं. भिंत किंचित कुरकुरली. मग कापडाला चिकटून रंगाचा पापुद्रा सुटत आला. वर पिस्ता, त्याखाली फिका गुलाबी, आणि त्याच्याही आत कुठल्याशा जुन्या कुटुंबाने लावलेला निळा, धुक्यातून दिसावा तसा.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधलं हे शेजारचं सरकारी क्वार्टर रिकामं होतं. विजयालक्ष्मी आंटींच्या यजमानांची बदली चेन्नईला झाली आणि रंगारी येईपर्यंत किल्ली त्यांनी लुंबिनीच्या आईकडे ठेवली होती. पडदे नसलेल्या खिडक्यांतून डिसेंबरचं ऊन आत येई आणि खोल्या पाण्याखाली असल्यासारख्या वाटत. लुंबिनी भिंतीला फेविकॉल लावायची, त्यावर मलमल बसवायची आणि ती वाळेपर्यंत फरशीवर पडून राहायची. आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलतंय, कुणीतरी मुलाला जेवायला हाक मारतंय, असं तिला भासायचं.

कला महाविद्यालयातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. आजवर तिने कॅनव्हासवर मेट्रोचे नकाशे, गंजलेले खिळे, सुकलेला झेंडू, गोणपाट, हाती येईल ते डकवलं होतं. अनुराग सरांनी तिची सगळी कामं ओळीने पाहिली आणि म्हणाले, “चिपकाया बहुत है. देखा कब?”

त्यानंतर कित्येक आठवडे तिच्या हाताला काही सुचेना. मग एकदा खिडक्या उघडायला म्हणून ती या घरात आली आणि भिंतीचा सुटलेला पोपडा तिच्या बोटांवर आला.

आता तिला स्वतःच्या घराची भिंत हवी होती. बाबा जानेवारीत निवृत्त होणार होते. आईबाबा नागपूरला जाणार, ती मयूर विहारला मैत्रिणीबरोबर राहणार.

“आई, आपल्या हॉलची भिंत घेऊ?”

आई मेथी निवडत होती. “घेऊ म्हणजे?”

“तिचा रंग. कापडावर. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे राहील.”

“बिल्कुल नाही. ताबा घ्यायला लोक येतील. साहेबांच्या बायकोने घर असं ठेवलं होतं, म्हणतील.”

“रंगवून देऊ की,” बाबा पेपरामागून म्हणाले. आईने त्यांच्याकडे फक्त पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीखालची ती भिंत ती दर पौर्णिमेला ओल्या फडक्याने पुसायची. लुंबिनीने विषय सोडला, पण दोन दिवस ती घरात नीट बोलली नाही.

एका दुपारी आई चहाचा कप घेऊन शेजारच्या घरात आली. लुंबिनी कापड सोडवत होती. आई दाराशीच उभी राहून बघत राहिली. पूर्ण भिंत उतरल्यावर पुढे आली आणि तिने तळहात रंगावर अलगद टेकवला.

“हा निळा कुणाचा?”

“माहीत नाही.”

“कुणीतरी हौसेने निवडला असेल,” आई म्हणाली. चहा तिथेच ठेवून ती परत गेली.

पुढच्या आठवड्यात लुंबिनी कॉलेजातून आली तेव्हा बाबा बाहेर गेले होते आणि स्वयंपाकघरात आई स्टुलावर बसली होती. ओट्यामागे, टाइल्स संपतात तिथून वर, भिंतीवर जुन्या सुती साडीचा मोठा तुकडा ताणून चिकटवलेला होता. कडेने डिंक वाळून चकाकत होता.

“तेलकट होती, म्हणून आधी सोड्याने पुसून घेतली. हलक्या हाताने,” आई म्हणाली. “धरेल का गं?”

लुंबिनीने पिशवी खाली ठेवली. “आणि ताबा?”

“रंगवून देऊ. तुझे बाबा म्हणालेच होते.”

“अगं, पण हॉलची नाही म्हणालीस आणि ही...”

“हॉलची भिंत पाहुण्यांची होती,” आई म्हणाली. “मी इथे होते.”

दोघींनी वरची दोन टोकं धरली. साडी सावकाश खाली येत गेली आणि तिच्या मागे हळदी, धुरकट, मधासारखा तपकिरी रंग येत गेला. फोडणीच्या शिंतोड्यांची एक मोठी कमान होती. उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर, एक फिकट गुळगुळीत जागा होती.

“इथे टेकायचे मी,” आई म्हणाली. “तू येईपर्यंत.”

लुंबिनी कापड टेबलावर पसरून बराच वेळ पाहत बसली. कोळशाची रेघ नको, सोनेरी रंग नको, वरून काहीच नको, हे तिला दिसत होतं. प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीवर ते टांगलेलंही तिला दिसत होतं. तिने गुंडाळी करायला हात पुढे केला.

आईने कापड आधीच आपल्याकडे ओढलं होतं.

“हे नागपूरला जाईल,” ती म्हणाली. “तुझं तू कर.”

लुंबिनीचा हात टेबलावर तसाच राहिला. मग ती उठली आणि कपाटातून गुंडाळीसाठी पुठ्ठ्याची नळी घेऊन आली. आई अजून कापडावर वाकलेली होती, कडा निरखत.

“नाव कुठे घालतात?” तिने विचारलं. “पुढे की मागे?”

“कुठेही चालतं. बहुतेक जण खाली, उजव्या कोपऱ्यात घालतात.”

“पेन दे मग.”

आईने पदराने हात पुसला. उजव्या कोपऱ्यात, हळदीच्या डागाशेजारी, तिने सावकाश ‘यशोधरा’ लिहिलं. आडनाव लिहायला पेन टेकवलं, क्षणभर थांबली, आणि टोपण लावून टाकलं.