चिमीच्या काट्यावरचा डबा

सोमवारी माझी बाळंतपणाची रजा संपणार होती. चिमीचं पाळणाघर गाडीने पाऊण तासावर, आणि बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जुन्या गाडीचा एसी नुसता गरम वारा फेकायचा. एकदा नेऊन पाहिलं, तर चिमीच्या मानेवर घामोळं उठलं आणि रडून रडून तिचा आवाज बसला. गाडी गार झाली नाही तर नोकरी सोडायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलले होते फक्त आईंजवळ, सासूबाईंजवळ.

शनिवारी मेकॅनिक आला. त्याने पाइपांत नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर टम्म बुडबुडा फुगला, तशी माझ्या कडेवरची चिमी खिदळली.

“सापडली गळती! रबराच्या कड्या बदलतो. पण गॅस कोणता भरू? जुना आता बनत नाही. नव्यासाठी आतलं जुनं तेल धुऊन काढावं लागेल, त्यांचं एकमेकांशी जमत नाही. एक स्वस्तातलाही मिळतो, पण तो पेट घेतो.”

“माझ्या नातीला घेऊन जाणारी गाडी आहे ती,” आई कडाडल्या. “शेगडी नाही!”

“जुनाच भरायचा,” बाबा म्हणाले. “माझ्याकडे आहे.”

बाबांनी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले, त्यांतही हाच जुना गॅस असायचा. तो गॅस बंद होणार म्हटल्यावर त्यांनी एक किलोचा सीलबंद डबा घेतला आणि स्वेटरमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

“वीस वर्षं मला त्या ट्रंकेला हात लावू दिला नाही,” आई मेकॅनिकला म्हणाल्या. “माझ्या बांगड्या मात्र कपाटात उघड्यावर!”

“म्हणून तर आज नातीच्या कामी येतोय,” बाबा डबा आणत म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

“वजन करून भरतात, काका. किती आहे त्यात?”

मी चिमीचा वजनकाटा आणला. बाबांनी स्वेटर सोडला, डबा ठेवला. दोनशे ग्रॅम. नुसत्या पत्र्याचं वजन. सील जसंच्या तसं होतं, तळाच्या गंजातून गॅस केव्हाच निसटला होता.

मी धास्तावून आईंकडे पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली वेळ त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी डबा उचलला, पुन्हा स्वेटरमध्ये नीट गुंडाळला.

“घामाघूम झालात,” त्या म्हणाल्या. “बसा. पाणी आणते.”

बाबा पायरीवर बसले. मी चिमीला त्यांच्या मांडीवर दिलं. तिच्या मानेवरच्या लाल पुरळावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

“नवा भर,” ते मेकॅनिकला म्हणाले. “पण तेलाचा थेंब राहता कामा नये. मी बघतोय.”

आणि बघतच राहिले. कड्या बदलल्या, तेल धुतलं, पंपाने आतली हवा ओढून काढली. “काका, मला तरी श्वास घेऊ द्या!” मेकॅनिक म्हणाला. शेवटी बाबांनी स्वतःच्या अक्षरात नव्या गॅसचं नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी बॉनेटच्या आतून चिकटवली.

सोमवारी ते चिमीशेजारी मागे बसले. वारा थेट तिच्या तोंडावर येऊ नये म्हणून रस्ताभर हात आडवा धरून. पाळणाघराशी गाडी थांबवून मी मागे वळले. मान कोरडी, चिमी गाढ झोपलेली.

“दार हळू लाव,” बाबा कुजबुजले.

मी ऑफिसची पिशवी खांद्याला लावली.