हापो नावाचा खण

थिका शहरातल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात कंप्युटर आला, तेव्हा गोदाम म्हाताऱ्या बरासांकडे होतं. सगळे त्यांना आदरानं म्झे, म्हणजे आजोबा, म्हणत. कंप्युटरवर गोदामाची नोंदवही बसवणाऱ्या घानाच्या पोरानं आक्राहून फोनवर विचारलं, "आलेला माल कुठं ठेवता?" म्झे म्हणाले, "हापो हापो." म्हणजे आपलं तिथल्या तिथं. त्या पोराला स्वाहिली कुठली यायला? त्यानं 'हापो' हे खणाचं नाव समजून टाइप केलं. तेव्हापासून जागा न सांगता आलेला प्रत्येक माल कंप्युटर आपणहून हापोत टाकतो.

पुढं म्झे निवृत्त होऊन गावी गेले आणि गोदाम नाफुलाकडे आलं. तीही अजून तात्पुरत्या नोकरीवर. तिला कायम करायचं की नाही ते मॅनेजर मुथोका आज ठरवणार होते.

आणि आजच डब्यांची झाकणं संपली.

म्हणजे कंप्युटरप्रमाणे म्झेंच्या वेळची रग्गड होती, हापोत. मांडणीवर मात्र धूळ. डबे भरायच्या खात्याचा किलोंझो दारात उभा राहिला.

"नाफुला, हातातली झाकणं संपली की मशीन थांबेल. तूप नळीतच गोठेल. मग नळ्या खोलायला तू येणार का?"

"आहेत रे झाकणं."

"कुठं?"

"कंप्युटरमध्ये."

"मग त्यालाच सांग डबे बंद करायला."

नाफुलानं बुंगोमाला, म्झेंच्या गावी, फोन लावला. आता म्झेंना फोन केला की आधी बायको, मग नातवंडं, मग पाऊस, मग गाय, असं विचारल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उर्मटपणा. गाय नेमकी आजारी निघाली. नाफुलाचा जीव टांगणीला, तरी तिनं गाईचं पोट, शेण, भूक सगळं विचारलं.

"म्झे, झाकणं कुठंयत?"

"हापो हापो."

"हो, पण हापो कुठं?"

"अगं, मी बसायचो तिथं. डोळ्यासमोर माल बरा."

"तुम्ही कुठं बसायचात?"

"सावली असेल तिथं. गाडी सकाळी आली होती की दुपारी?"

नाफुलानं पडद्यावरची नोंद पाहिली. "दुपारी."

"मग टाकीखाली बघ, पोरी."

ती धावली. पाण्याच्या टाकीखाली ताडपत्री, ताडपत्रीवर डुलक्या घेणारा रखवालदार, आणि त्याच्याखाली झाकणांची खोकी. त्याला उठवून खोकी ढकलगाडीवर चढवेपर्यंत किलोंझो तीनदा ओरडून गेला. मशीन काही थांबली नाही.

मुथोकांनी नळीला हात लावून पाहिला. गरम होती.

"हा हापो आजच काढून टाक."

"काढत होते, सर. कंप्युटर म्हणतो, खण रिकामा झाल्याशिवाय काढता येणार नाही."

"मग रिकामा कर."

"सर, तो खण मुळात नाहीच."

"नाहीच, तर त्यात काय आहे?"

"निम्मं गोदाम."

नाफुलाच्या नोकरीचा कागद मुथोकांच्या खिशात होता. त्यांनी तो काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली, खिशात ठेवला.

"हापो रिकामा झाला की कायम करतो," ते म्हणाले. "तोवर आहेस तशी राहा."

नाफुलानं हो म्हटलं. रिकामा झाला तर नोकरी पक्की, नाही झाला तर तोवर काढणारही नाहीत; आता हापो लवकर रिकामा व्हावा की कधीच होऊ नये, हे तिला ठरवता येईना. तिनं हापोच्या यादीतलं पुढचं नाव पाहिलं. कॉस्टिक सोडा, अंगावर पडला तर कातडी जाळणारा. म्झेंनी तो कुठल्या सावलीत ठेवला असेल, हे विचारायला तिनं पुन्हा फोन लावला, आणि आधी गाईचं विचारलं.