डाव्या हाताची सही

"सहीऐवजी फुली मारते आणि मोकळी होते," लव्हिनियाबाई म्हणाल्या. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. टेबलावर त्यांचं मृत्युपत्र होतं. सफरचंदाची बाग भाचीच्या नावे करायची होती.

"माझ्या कचेरीत तुमची फुली चालायची नाही," कॅप्टन पेल्टन म्हणाले.

दारात त्यांच्या निवडणुकीची कामं पाहणारा गिडियन खिशातलं घड्याळ काढून उभा. "अहो कॅप्टन, अकराची गाडी! आज पक्षाच्या सभेत तुमचं तोंड दिसलं नाही, तर वॉशिंग्टनच्या संसदेची उमेदवारी तुमच्याविरुद्ध उभा असलेला तो लाकूडवाला पळवील."

"बस तिथं. दुसरा साक्षीदार लागणारच आहे."

पेल्टन दोनदा राज्याच्या विधिमंडळात निवडून आले होते. लोक आपल्या रिकाम्या बाहीला मत देतात, असं ते स्वतःच हसत सांगत. पण तो उजवा हात युद्धात गेला, तेव्हा सव्वीस वर्षांचा हा वकील लष्करी इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडला होता. पगाराच्या कागदावर फुली मारतो म्हणाला, तेव्हा तिथल्या परिचारिकेनं, याच लव्हिनियाबाईंनी, त्याच्या डाव्या हाताखाली पाटी सरकवली होती. "वकील ना रे तू? फुली मारायला लाज नाही वाटत?" मग रोज शंभर वेळा नाव. पुढची वकिली, निवडणुका, सगळं त्या पाटीवरून उगवलं होतं, हे पेल्टन एक दिवसही विसरले नव्हते.

त्यांनी लेखणी बाईंच्या डाव्या हातात दिली आणि कोरे कागद पुढे ओढले.

"वाकडं येईल रे."

"माझं सरळ आलं होतं?"

"छे! कोंबडीनं उकरल्यासारखं!" बाई खुदकन हसल्या.

पाच कागद वाया गेले. सहाव्यावर नाव उमटलं. तेवढ्यात स्टेशनावरून शिटी ऐकू आली. गिडियननं कपाळावर हात मारला.

"माझ्यापायी गाडी चुकवलीस," बाई पुटपुटल्या.

"तुम्ही नसता, तर त्या गाडीशी माझं कामच काय होतं, बाई?"

बाईंनी श्वास रोखून मृत्युपत्रावर सही केली. खाली पेल्टननी साक्ष घातली. दोन्ही सह्या एकाच बाजूला कलल्या होत्या.

गिडियन चडफडत पुढे आला, खाली वाकला, कागद पाहून थबकला. मग टोपी काढून त्यानं आपली सही केली.