मास्तरांचा पाहुणा

“अण्णा, जरा गप्प बस. लोक लिहितायत.”

मास्तर कॉम्प्युटरवरची नजर न काढताच म्हणाले आणि अण्णांनी उघडलेलं तोंड मिटलं. तसं ते तोंड या खोलीत तीस वर्षांत फार तर चारदा उघडलं असेल. आत्ता एवढंच सांगायचं होतं, की चित्रपटातल्या त्या दाराचं कुलूप बाहेरून लागतच नाही. अण्णांचा धंदाच कुलपं दुरुस्तीचा. त्यांना हे नाही कळणार तर कोणाला कळणार?

दर रविवारी तीन वाजता मास्तरांकडे बसून जुना रहस्यपट बघायचा, ही दोघांची रीत. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं. ते बोलायचे, अण्णा वेताच्या खुर्चीत बसून मान हलवायचे. त्या मान हलवण्यात अण्णांचा अख्खा आठवडा गोड व्हायचा. आणि मग मास्तरांना तो ग्रुप सापडला. गावोगावची चाळीस रहस्यवेडी माणसं आपापल्या घरी एकाच वेळी एकच चित्रपट लावायची आणि बघता बघता एकमेकांना लिहायची. मध्यावर चित्रपट थांबवून प्रत्येकाने खुनी ओळखायचा. ग्रुपचे प्रमुख अर्थातच मास्तर. आता त्यांच्या कानांवर हेडफोन असायचा. आवाज त्यांना, अण्णांच्या वाट्याला नुसती चित्रं.

घरी येऊन अण्णांनी चपला भिरकावल्या.

“चाळीस जणांशी बोलतो तो! मी काय कपाट आहे त्याच्या खोलीतलं?”

“मग तुम्हीही घुसा की त्यात,” बायको म्हणाली. “एक्केचाळिसावे व्हा.”

ती थट्टेत म्हणाली, पण अण्णांनी ते मनावर घेतलं. तिनेच मग फोनवर सगळं जुळवून दिलं. नाव काय घालू म्हणाली, तर अण्णा चिडून म्हणाले, “घाल काहीही. पाहुणा घाल.”

पुढच्या रविवारी अण्णांनी गुडघा दुखतोय असा निरोप धाडला आणि पलंगावर फोन घेऊन बसले. मध्यावर चित्रपट थांबला तेव्हा एकेक अक्षर शोधत लिहिलं, “मोलकरीण खोटं बोलते. असलं कुलूप बाहेरून किल्लीशिवाय उघडलं तर कडेला ओरखडा पडतो. इथे नाही. म्हणजे दार आतूनच कोणीतरी उघडलं.” शेवटी खुनी निघालीही तीच. लगेच मास्तरांचं आलं, “वा पाहुणे! काय नजर आहे!”

तीस वर्षांत मास्तरांनी अण्णांना ‘वा’ म्हटलं नव्हतं. अण्णांचे कान गरम झाले.

मग पुढचे तीन रविवारही गुडघा दुखतच राहिला. “तुमचा गुडघा फार हुशार झालाय हो,” बायको म्हणायची. अण्णा किल्ल्यांबद्दल, कड्याकोयंड्यांबद्दल लिहायचे, मास्तर विचारायचे, आणि खरं सांगायचं तर अण्णा आयुष्यात कधी कोणाशी इतकं बोलले नव्हते.

एका दुपारी मास्तर स्वतः दुकानात आले. गुडघ्याची चौकशी दोन वाक्यांत आटोपली.

“अण्णा, आमच्यात एक पाहुणे आलेत बघ. काय माणूस! असा जोडीदार मला जन्मात भेटला नव्हता.”

अण्णांच्या हातातली कानस घसरली, बोट सोललं. “आम्ही होतो की,” ते म्हणाले.

“तुझं काय रे! तू नुसती मान हलवायचास.”

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण उपटसुंभ, चार आठवड्यांपूर्वी आला आणि तीस वर्षांची जागा घेऊन बसला! भेटला तर नरडं धरावं त्याचं! पण धरणार कोणाचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ‘तो मीच, मास्तर’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ते ऐकून मास्तर हसले असते. किंवा हिरमुसले असते, आणि ते अण्णांना बघवलं नसतं. त्यांनी बोट चोखलं आणि कानस पुन्हा उचलली.

संध्याकाळी पाहुण्याच्या नावे मास्तरांचा निरोप आला. “एकदा घरीच या. शेजारी बसून बघू. माझ्याकडे एक खुर्ची रिकामीच असते.”

अण्णांनी तो तीनदा वाचला.

“जा की मग,” बायको म्हणाली. “दोघं मिळून जा.” नवरा हसला नाही, तेव्हा तिने थट्टा आवरली आणि जवळ येऊन बसली.

“पुसून टाक ते नाव,” अण्णा म्हणाले. “मला नको तो माणूस घरात.”

रविवारी पावणेतीनला ते मास्तरांकडे हजर झाले. खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि बसले.

“आलास? बरा झाला गुडघा?” मास्तर म्हणाले आणि वळले.

तीन वाजले. तीन-दहा झाले. पडद्यावर लोक लिहीत होते, सुरू करा, सुरू करा. मास्तरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सगळी नावं वरपासून खालपर्यंत बोटाने तपासली, मग पुन्हा तपासली.

“पाहुणे कधी उशीर करत नाहीत रे,” ते म्हणाले. “मी घरी बोलावलं, ते आवडलं नसेल का? का आजारी असतील? कुठे राहतात तेही विचारलं नाही मी.” त्यांचा आवाज अण्णांनी असा कधी ऐकला नव्हता. आपले चार रविवार चुकले तेव्हा मास्तर असे बसले होते का, हे विचारायचं अण्णांच्या फार मनात आलं.

“अजून पाच मिनिटं थांबू या, अण्णा? ते नसले तर मजा नाही.”

अण्णांनी मान हलवली.