तिसावं बटण

पाकीट फाडलं आणि टेबलावर बटणांचा सडा पडला. लाकडी, पितळी, शिंपल्याची, एक तर चक्क बदकाच्या आकाराचं. सोबत चिठ्ठी: ‘आपल्या नव्या छंदासाठी छोटीशी भेट. लेख वाचून आमचं घरदार पोट धरून हसलं.’

“हे काय गं?” आईनं विचारलं.

“बटणं.”

“ते दिसतंय मला. कुणी पाठवली? आणि कुणाचा कसला छंद?”

खुर्चीतल्या बाबांनीही मान वळवली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं तर ते सहसा पळत नाही. वर्गात, बसथांब्यावर, दाताच्या डॉक्टरकडे आ वासूनसुद्धा मी बोलत असते. बाबांनी माझं नावच ‘भोंगा’ ठेवलं होतं.

बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटर. एका वेळी चाळीस थर कापड बेतायचे आणि एकही सदरा दुसऱ्यापेक्षा सूतभरही मोठा निघायचा नाही. आणि गेली अकरा वर्षं एका साप्ताहिकात त्यांचं हलकंफुलकं सदर यायचं. जोडीदार हरवलेला मोजा, बाल्कनीतलं कधीच न फुललेलं रोप, बासरी शिकण्याचे तीन प्रयत्न आणि शेजाऱ्यांच्या तीन तक्रारी. विषय एवढेच. कापड बेतायच्या तपकिरी कागदांच्या पाठीवर लिहायचे आणि खाली कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण काढायचे. कारखान्यात प्रत्येक कटर कापलेल्या कापडाच्या उलट्या बाजूला खडूनं आपली खूण करतो. त्रिकोण ही बाबांची.

“चूक निघाली तर कुणाची ते कळायला नको?” ते म्हणायचे. “आणि दुसऱ्याच्या कापावर आपली खूण करणारा तर चोरच.”

चार महिन्यांपूर्वी ते कारखान्यातच कापडाच्या थप्पीवर कोसळले. मेंदूतली शीर. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला, “बरं.” चहा हवा? बरं. पाय दुखतोय? बरं. एकदा ते भिंतीकडे तोंड करून रडत होते, तेव्हाही मधूनमधून बरं, बरं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन वाडगे आणि तीस बटणं दिली होती. रोज उजव्या हातानं लाल वाडग्यातलं एकेक बटण निळ्यात टाकायचं. एकोणतीस कशीबशी जातात. तोवर हात थकतो आणि तिसावं खाली पडतं.

मग संपादककाकांचा फोन आला. आणखी दोन अंक थांबू म्हणाले, नंतर जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. मला वाटलं, सदरच गेलं तर बाबांनी बरं होऊन परत यायचं कुठे? त्यात मी नुकतंच शाळेच्या निबंधस्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलेलं, अंगात वारं शिरलेलं. मधल्या सुट्टीत बसले आणि एका दमात लिहून काढलं: ‘निवृत्तीच्या आधीच मला एक छंद जडला आहे.’ लाल राज्यातली प्रजा निळ्या राज्यात कशी पळून जाते, राजा कसा घामाघूम होतो, बायको काय टोमणे मारते. लिहिताना मीच खुदुखुदू हसत होते. खाली बाबांचं नाव. कोपऱ्यात त्रिकोण. मग त्याची स्वच्छ प्रत काढून संपादककाकांना पाठवून दिली.

छापून आलेला अंक मी गादीखाली लपवला होता. वाचक बटणं पाठवतील हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

सगळं सांगून टाकलं. अंक आणला, दप्तरातला तपकिरी कच्चा कागदही आणला. आई बाबांच्या खांद्यावरून वाचत होती.

“‘एवढं काम कारखान्यात केलं असतंत तर मालक झाला असतात’? मी कधी म्हटलं असं?”

“नाही.”

“त्यांचा हात उठत नाही आणि तू त्याची गंमत केलीस, कार्टे?”

“बाबा नाही का स्वतःवर विनोद करायचे?”

“ते करायचे,” आई म्हणाली. “ते.”

बाबांचं डावं बोट ओळीखालून सरकत होतं. एकदाही हसले नाहीत. संपल्यावर त्यांनी खणाकडे बोट दाखवलं. आईनं त्यांचा चपटा निळा खडू काढून दिला. डाव्या हातानं ते कच्च्या कागदावर एकेक ओळ खोडू लागले. राजा गेला. प्रजा गेली. बायकोचे टोमणे गेले. शेवटी एकच वाक्य उरलं: ‘तिसावं बटण रोज पडतं आणि ते उचलायला घरातले सगळे इतके धावतात, की मला वाकायलाच मिळत नाही.’

मग त्यांनी आपलं नाव खोडलं. त्रिकोणावर खडू इतका दाबला की कागद फाटला.

खडू माझ्यापुढे धरला.

“मी काय काढू, बाबा? माझी खूण कुठे आहे?”

“बरं,” ते म्हणाले. खडू तसाच पुढे.

एवढा मोठा भोंगा, पण काही सुचेना. त्या एका वाक्याखाली मी एक वाकडातिकडा गोल काढला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि कागद आपल्या मांडीखाली सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मीच फोन करून संपादककाकांना खरं काय ते सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “हात चांगला आहे तुझा,” म्हणाले, “पण त्या जागेवर वाचक तुझ्या बाबांना शोधतात गं.” पुढच्या अंकात तिथे शब्दकोडं होतं.

बटणं मात्र अजून येतात. आई ती एका बरणीत ओतते. बरणी आता गळ्यापर्यंत भरली आहे.

आज संध्याकाळीही बाबा वाडगे घेऊन बसले. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावं निसटलं, फरशीवर टणत्कार करत गेलं आणि खुर्चीच्या पायाशी गोल गोल फिरून पडलं. मी सवयीनं उठले. बाबांनी डावा तळहात वर केला. मी परत बसले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, आई दारात येऊन उभी राहिली.

डाव्या हातानं खुर्ची घट्ट धरून बाबा वाकू लागले. खुर्ची करकरली. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.