मधपेटीवरची भित्री फळी

मित्रांनो, मी मधमाश्यांच्या पेटीवरची एक जुनी फळी आहे. पेटी झाकणे एवढेच माझे काम. त्यात भिण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. पण मी जन्माची भित्री. माश्यांच्या डंखाला मी भीत नाही, माझ्या स्वतःच्याच वजनाला भिते.

चंद्रपूरच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडातून कापले आणि रंधा मारून गुळगुळीत केले. १९८३ साली एका सरकारी योजनेतून मी पेटीसकट मुलचेऱ्याजवळच्या जंगलगावात, बुधरीबाईच्या अंगणात आले. एसटीच्या टपावर साऱ्या रस्त्याने जीव मुठीत धरून होते. बुधरीबाईने मोहाच्या ढोलीतल्या लहानशा सातेरी माश्या, त्यांच्या राणीसकट, पेटीत आणून बसवल्या.

तिचा मुलगा लालसू जंगलातला मध काढण्यात तरबेज होता. उंच झाडावरचे पोळे मशालीच्या धुराने उठवायचे, कोयत्याने कापायचे आणि पळ काढायचा, ही त्याची रीत. पेटीही त्याने तशीच उघडली. ओल्या पाल्याचा एवढा धूर केला की मी गुदमरले. मला खसकन उपटले, मध घेतला आणि धाडकन परत आदळले. कडेवर बसलेल्या माश्या माझ्याखाली चिरडल्या. तो आवाज फार बारीक होता, पण मी तो अजून विसरलेली नाही. चिरडलेल्या माश्यांचा वास सुटताच बाकीच्या चवताळल्या. लालसू डोळे सुजवून दोन दिवस घरात बसला. मला त्याची कीव आली नाही, खरे सांगते.

मेलेल्या माश्या माझ्या कडेला चिकटल्या होत्या. बुधरीबाईने त्या गवताच्या काडीने एकेक करून काढल्या. मग मुलाला म्हणाली, "जंगलात मध कापून पळता येते बाबू. ह्या तं आपल्या घरच्या. इथून पळून कुठी जाशीन?"

त्यानंतर पेटी तीच उघडू लागली, मुलाला शेजारी उभे करून. चांगले ऊन पडले की यायची, माश्यांची वाट सोडून बाजूला उभी राहायची. चिंधीचा थोडासा धूर द्यायची, थांबायची, मग मला हळूच उचलायची. बंद करण्याआधी मला उलटून पाहायची, कारण राणी कधी कधी फळीच्या खालच्या अंगालाच चढून बसते, आणि राणी मेली की पेटी उजाड होते. मग एक कड टेकवून मला तिरपी धरायची आणि इंचाइंचाने सरकवायची. माश्या आपसूक बाजूला होत. लोक तिच्या मधाचे कौतुक करत. मी मात्र दर वेळी मनात थरथरत असे.

तीन वर्षांनी एका सकाळी योजनेचे साहेब पाहणीला आले. बुधरीबाई शेतात होती, म्हणून लालसूने पेटी उघडून मला बाजूला टेकवून ठेवले. वारा सुटला होता, माश्या बिथरल्या होत्या. तेवढ्यात माझ्या पोटावरून जड, सावकाश पावले चालू लागली. इतर माश्यांची पावले अशी नसतात. ती राणी होती, आणि ती थेट माझ्या कडेकडे निघाली होती.

साहेब मागे सरत म्हणाले, लवकर बंद करा. लालसूने मला दोन्ही हातांनी उचलले. त्याच क्षणी एक माशी त्याच्या पापणीला डसली. आता हा मला आदळणार आणि पळणार, याची मला खात्री होती. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

लालसू पळाला नाही. "इथून पळून कुठी जाऊ," असे तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने मला उलटून पाहिले. कडेपासून बोटभर अंतरावर राणी होती. एका डोळ्यातून पाणी गळत असताना त्याने मला पोळ्याशी टेकवले आणि राणी खाली उतरेपर्यंत तसेच धरून ठेवले. मग मला तिरपी करून, इंचाइंचाने सरकवले. साहेब केव्हाच जीपमध्ये जाऊन बसले होते.

संध्याकाळी बुधरीबाईने त्याचा सुजलेला डोळा पाहिला आणि आधी विचारले, "एखादी मेली का रे?"

"नाई माय. एकबी नाई."

आता मला भेग पडली आहे, पावसाने मी फुगले आहे. भीती मात्र तेवढीच आहे. म्हणून मित्रांनो, कधी पेटी उघडलीत तर बंद करताना मला एकदा उलटून पाहा. खाली येताना मला स्वतःला थांबता येत नाही. थांबायचे तुम्हालाच असते.