शेवटचा नंबर विनीचा

कुठे पाणी मुरतंय हे आमच्या हिला, म्हणजे ग्लेनिसला, सगळ्यांच्या आधी कळतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आपला खाटीक मापात मारतो, असं तिने जाहीर केलं. तो खरंच मारत होता. तेव्हापासून तिच्या संशयाला हसायची माझी सोय उरलेली नाही.

या उन्हाळ्यात तिची नजर केरिनवर गेली. केरिन आमच्या क्लबात चिमुरड्यांना टी-बॉल, म्हणजे लहानग्यांचं बेसबॉल, शिकवते. आमची नात विनी तिच्याच संघात. विनीच्या आईची शनिवारी हॉस्पिटलात ड्युटी असते, म्हणून आम्ही दोघं तिला मैदानावर नेतो.

यात चेंडू कोणी टाकत नाही. तो रबरी दांड्यावर ठेवलेला असतो. पोरं त्याला बॅट हाणतात आणि धावत सुटतात, बऱ्याचदा उलट्या दिशेने. ही कुंपणाला रेलून विनीला सूचना देत असते. "कोपर वर! चेंडूकडे बघ! पळ गं, पळ!" गाडीतळावरची माणसंसुद्धा वळून बघतात.

खरा मान असतो शेवटच्या नंबराला. त्या पोराने फटका मारला की वाटेत कुठेच थांबायचं नाही, चेंडू परत येईपर्यंत मैदानावर आखलेल्या सगळ्या चौकटी पार करत, जिथून फटका मारला तिथेच परत पोचायचं. तोवर सगळा संघ त्याच्या नावाने बोंबलत असतो. हा मान शर्टावरच्या आकड्यांप्रमाणे आळीपाळीने मिळतो. विनीची वेळ आली तेव्हा केरिनने तिला मधेच खेळवलं आणि शेवटी पाठवलं स्वतःच्या मुलाला, हेमिशला. पुढच्या शनिवारीही तेच.

"पाहिलंस, नेव्ह? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

"विसरली असेल गं."

"दोनदा? नेमकी आपल्याच पोरीच्या वेळी?"

त्यात त्या दिवशी बॅटांच्या थैलीमागे केरिन गुडघ्यांवर बसून विनीच्या कानात काहीतरी सांगताना दिसली. विनी मान हलवत होती. आम्ही जवळ गेलो तशा दोघी गप्प.

"काय म्हणत होती गं केरिन?" हिने गाडीत विचारलं.

"काही नाही."

घरी विनीच्या खिशात चॉकलेटचा चुरगळलेला कागद सापडला. "लाच!" ही म्हणाली. मी हसलो खरा, पण ते "काही नाही" माझ्याही मनात खुपायला लागलं. पाच वर्षांच्या पोरीला घरच्यांपासून लपवायला लावण्यासारखं असं काय असतं? शेवटी मी क्लबात सॉसेज भाजणाऱ्या बॅरीला बाजूला घेऊन विचारलं, ही केरिन बाई म्हणून कशी आहे.

"माझी सगळी नातवंडं तिच्या हाताखालून गेलीत," बॅरी चिमटा रोखून म्हणाला. "तुला झालंय काय?"

मी ओशाळलो. संशय मात्र गेला नाही.

हिने ठरवून टाकलं, या शनिवारीही विनीला डावललं तर तिचं नाव काढून नदीपलीकडच्या क्लबात घालायचं. शाळेत विनी अजून कोणाशी धड बोलत नव्हती. इथे मात्र ती हेमिशच्या शेजारी बसून संत्र्याच्या फोडी खायची आणि दात सालीने झाकून खिदळायची. तिथून तिला उपटायची माझी हिंमत नव्हती, आणि हिला अडवायची तर त्याहून नव्हती.

शनिवारी केरिनने नंबर सांगितले. शेवटी हेमिश.

ही तडक मैदानात घुसली. "विनी का नाही?"

"ग्लेनिस, नंतर बोलू या का आपण?"

"आत्ता! सगळ्यांदेखत! तुझ्या पोराला सोनं लागलंय का?"

केरिन लालबुंद झाली. तिने विनीकडे पाहिलं. "मी शब्द दिलाय. मला सांगता येणार नाही."

"पोरांची गुपितं ठेवतेस? नेव्ह, ऐकलंस?"

मी ऐकत होतो. शरमेची गोष्ट ही, की तेव्हा मीही हिच्याच बाजूने होतो.

तेवढ्यात विनी पुढे आली. हेल्मेट डोळ्यांवर घसरलेलं. ती आजीचा हात धरून हळूच म्हणाली, "मीच सांगितलं केरिनला. शेवटी सगळे मलाच बघतात. आणि तू ओरडतेस. मग मला चेंडू दिसतच नाही."

ही तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"तू गाडीत बसलीस तर मी जाईन शेवटी," विनी म्हणाली.

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण हिने विनीचं हेल्मेट नीट केलं, माझ्याकडून किल्ली घेतली आणि गाडीतळाकडे निघाली. गाडीच्या काचा वर जाताना मी पाहिल्या.

शेवटच्या नंबराला गेलेल्या विनीने पहिल्यांदा रबरी दांडाच पाडला. दुसऱ्यांदा चेंडू जेमतेम घरंगळला. तो पकडायला सगळी पोरं एकमेकांवर कोसळली आणि आमची पोरगी पळतच राहिली.

परतताना गाडीत ही विनीकडे मागे वळली. डोळे सुजलेले होते.

"मी काहीच बघितलं नाही गं," ती म्हणाली. "काय झालं, सांगशील?"

आणि विनी सांगायला लागली. घर आलं, मी गाडी बंद केली, तरी तिची गोष्ट दुसऱ्या चौकटीपर्यंतच पोचली होती. आम्ही दोघं पट्टे न सोडता बसून राहिलो.

"मग?" ही म्हणाली.